शनिवारची दुपार कोणाची? जुनं शहरी स्टेडियम आणि नवा फुटबॉल क्लब

बॉस्टन शहरात फ्रँकलिन पार्क नावाचं सुमारे ५०० एकरांचं उद्यान आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमुळे ज्याचं नाव झालं, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने एकोणिसाव्या शतकात ते आखलं. याच उद्यानात १९४९ साली एक काँक्रीटचं स्टेडियम उभं राहिलं. व्हाइट स्टेडियम. बसायला जागा सुमारे दहा हजारांची. ते शहरातल्या सरकारी शाळांच्या मुलांसाठी होतं: शर्यती, सामने, सराव. पुढे दुरुस्तीकडे दुर्लक्ष होत गेलं, एका बाजूचे स्टँड आगीत निकामी झाले आणि अनेक वर्षं तसेच पडून राहिले. मग २०२३ मध्ये शहराला महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला एक नवा क्लब मिळाला आणि क्लबने सांगितलं की आम्हाला इथेच खेळायचंय.

तिथून पुढे जे झालं त्यात कोर्टकचेरी आहे, राज्यघटनेतलं एक कलम आहे, शंभर वर्षांपूर्वीचं एक मृत्युपत्र आहे आणि महापौरपदाची निवडणूकही आहे. बातम्या वाचताना हे सगळं एकमेकांत इतकं गुंततं की नेमका वाद कशाचा, हेच कळेनासं होतं. म्हणून तो सुटा सुटा करून पाहू. बॉस्टन हे मुख्य उदाहरण. मधूनमधून ओरेगन राज्यातलं पोर्टलंड आणि विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन या दोन शहरांकडे वळू, कारण तिथे अशाच जुन्या स्टेडियममध्ये नवे क्लब आले आणि आज खेळतायत.

(या लेखात फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. हेल्मेट घालून खेळतात त्याला ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हटलंय.)

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना ते तपासता येईल. अशा प्रकरणात लोक ‘मालकी कोणाची’ यावर भांडतात. पण मालकी बहुतेक वेळा कुठेच जात नाही, ती शहराकडेच राहते. जातात ते तास. शनिवारी दुपारी तीन वाजता त्या हिरवळीवर कोण असेल, हे कराराच्या मागच्या पानांवर, परिशिष्टातल्या एका कोष्टकात लिहिलेलं असतं. नागरिकांनी वाचायचं पान ते.

क्लबला जुनं स्टेडियम का हवं असतं

अमेरिकेत क्लब खालच्या लीगमधून वर चढत येत नाहीत. वरच्या लीगमध्ये जागा विकत घ्यावी लागते. बॉस्टनच्या गुंतवणूकदारांनी त्यासाठी ५.३ कोटी डॉलर मोजल्याचं त्या वेळी प्रसिद्ध झालं होतं. आणि नुसते पैसे पुरत नाहीत, ‘आम्ही कुठे खेळणार’ याचं पटण्याजोगं उत्तर अर्जासोबतच द्यावं लागतं. अमेरिकेचा फुटबॉल महासंघ व्यावसायिक लीगसाठी किमान निकष ठरवतो. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीला किमान १५,००० आसनं, दुसऱ्या श्रेणीला ५,०००, तिसऱ्या श्रेणीला १,०००.

आता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी शहरांनी बांधलेली स्टेडियमं आठवा. पाच हजार, दहा हजार, फार तर वीस हजारांची. एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची सर्वांत मोठी लीग) किंवा मोठ्या बेसबॉल लीगला ती कधीच लहान पडली आणि ते खेळ अवाढव्य मैदानांत निघून गेले. मागे उरलेल्या या स्टेडियमचा आकार आजच्या मधल्या फळीतल्या फुटबॉल क्लबला अगदी मापात बसतो. अमेरिकेच्या महिला लीगमध्ये २०२४ साली एका सामन्याला सरासरी अकरा हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. व्हाइट स्टेडियमचा नवा आराखडाही जवळपास तेवढ्याच आसनांचा आहे.

हे न जमलं तर पर्याय दोन. पहिला, अमेरिकन फुटबॉलच्या साठ-पासष्ट हजारांच्या स्टेडियममध्ये भाड्याने खेळायचं. तिथे दहा हजार लोक आले तरी मैदान रिकामं दिसतं, आवाज वर विरून जातो. खेळाडूंनाही ते जाणवतं आणि टीव्हीवरही. दुसरा, स्वतःचं स्टेडियम बांधायचं. कॅन्सस सिटीच्या महिला क्लबने ते केलं. २०२४ मध्ये उघडलेलं त्यांचं ११,५०० आसनांचं स्टेडियम खास महिला व्यावसायिक संघासाठी बांधलेलं पहिलं मानलं जातं, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण त्यासाठी मोकळी जागा लागते. बॉस्टनसारख्या दाट वस्तीच्या जुन्या शहरात ती मिळत नाही, आणि मिळाली तरी मेट्रोच्या अंतरावर मिळत नाही.

म्हणजे क्लबची निकड खरी आहे. शहराचीही खरी आहे: हातात एक पडकं स्टेडियम आहे, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि कोणीतरी निम्मा खर्च उचलायला तयार आहे. कोणीही लबाडी केली नाही तरी भांडण होऊ शकतं ते यामुळेच.

चौकोनी मैदान, गोल ट्रॅक

जुनी शहरी स्टेडियमं एका खेळासाठी बांधलेली नसत. मधे मैदान, भोवती धावण्याचा ट्रॅक, त्याबाहेर स्टँड. शाळांसाठी ही रचना सोयीची. व्यावसायिक फुटबॉलसाठी ती डोकेदुखी असते, आणि ती किती हे माप घेतल्यावर समजतं.

चारशे मीटरच्या प्रमाण ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५ मीटर असते. म्हणजे आतल्या मोकळ्या जागेची रुंदी ७३ मीटर. मोठ्या सामन्यांचं फुटबॉल मैदान १०५ बाय ६८ मीटर. रुंदीत दोन्हीकडे अडीच-अडीच मीटर उरतात, तिथवर ठीक. गंमत कोपऱ्यांची आहे. मैदानाचे चारही कोपरे ट्रॅकच्या वळणात घुसतात. भूमिती मांडली तर त्या रेषेवर आतल्या कडेची लांबी सुमारे १११ मीटर भरते. म्हणजे कोपऱ्यातल्या झेंड्यापासून ट्रॅकच्या कडेपर्यंत जेमतेम तीन मीटर. कॉर्नर किक घेणारी खेळाडू चार पावलं मागे गेली की ट्रॅकच्या रबरावर उभी. अनेक ठिकाणी म्हणूनच सामन्याच्या दिवशी कोपऱ्यालगत ट्रॅकवर कृत्रिम गवताची पट्टी अंथरतात.

प्रेक्षकाच्या बाजूने पाहा. एका लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे आठ लेन मिळून जवळपास पावणेदहा मीटर. त्यात मघाचे अडीच मीटर मिळवा. पहिल्या रांगेत बसलेला माणूस बाजूच्या रेषेपासून बारा मीटरांहून लांब. स्टँडला चढ कमी असेल तर खालच्या रांगांमधून पलीकडचा खेळ नीट दिसतही नाही.

ट्रॅक काढून टाकला तर क्लबचा प्रश्न सुटतो आणि शाळेच्या धावपटूंचा सुरू होतो. बॉस्टनच्या आराखड्यात आठ लेनचा ट्रॅक ठेवला आहे. तो ठेवला, हे चांगलं झालं. जुन्या स्टेडियममध्ये येणाऱ्या क्लबने थोडी गैरसोय सोसायची तयारी दाखवली पाहिजे, कारण तो पाहुणा आहे.

याशिवाय इतर कामं असतात, ती भराभर सांगतो. शालेय सामन्यांना पुरणारे दिवे टीव्हीच्या कॅमेऱ्याला पुरत नाहीत. चेंजिंग रूम वाढवाव्या लागतात, आणि जुन्या स्टेडियममध्ये त्या बहुधा फक्त मुलग्यांना डोळ्यासमोर ठेवून बांधलेल्या असतात. स्वच्छतागृहांची संख्या आजच्या बांधकाम नियमांनुसार करावी लागते. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा १९९० चा अमेरिकी कायदा आहे. मोठी दुरुस्ती काढली की उतार, लिफ्ट, व्हीलचेअरच्या जागा हे सगळं त्यात करावंच लागतं. शेवटची गोष्ट तर क्लब येवो न येवो व्हायलाच हवी होती.

गवताचा हिशेब

इथे थोडं थांबू, कारण ‘सगळ्यांना मैदान वापरता येईल’ हे वाक्य खरं की खोटं ते गवत ठरवतं.

व्यावसायिक दर्जाच्या नैसर्गिक मैदानाखाली साधी माती नसते. साधारण फूटभर जाडीचा वाळूप्रधान थर असतो, त्याखाली खडी, त्यात पाणी वाहून नेणारे सच्छिद्र पाइप. बॉस्टनसारख्या थंड प्रदेशात त्यावर बहुधा केंटकी ब्लूग्रास लावतात. या गवताची मुळं जमिनीखालून आडवी पसरतात आणि उखडलेली जागा हळूहळू स्वतःच भरून काढतात. सोबत रायग्रास पेरतात, कारण ते लवकर उगवतं. मुद्दा त्या ‘हळूहळू’चा आहे. गवताला सावरायला दिवस लागतात, आणि ऑक्टोबर सरता सरता थंडी वाढली की त्याची वाढ मंदावते, पुढे थांबतेच. पावसानंतर लगेच खेळ झाला तर वरचा थर दाबून घट्ट होतो, मुळांना हवा मिळत नाही.

प्रत्येक खेळ गवताला वेगळ्या ठिकाणी मारतो. फुटबॉलमध्ये गोलसमोरचा तुकडा आधी जातो, आणि कडेने सहायक पंच पुढेमागे धावतात ती अरुंद पट्टी. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानाचा मधला पट्टा जातो, कारण तिथे दोन्ही बाजूंचे धिप्पाड खेळाडू टाचा रोवून एकमेकांना ढकलत असतात. ओल्या मैदानावर असा एक सामना झाला की दुसऱ्या दिवशी तिथे अचूक पासिंग होणं कठीण.

आता दिनदर्शिका काढा. अमेरिकेची महिला लीग मार्च ते नोव्हेंबर चालते. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरपासून थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणापर्यंत. म्हणजे टक्कर नेमकी सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरमध्ये, जेव्हा हिरवळीची सावरण्याची ताकद उतरणीला लागलेली असते. बॉस्टनमध्ये सगळ्यात खरा आणि दुखरा प्रश्न हाच होता: या मैदानाला आपलं मानणाऱ्या शालेय अमेरिकन फुटबॉल संघांनी हंगामाच्या त्या भागात जायचं कुठे? शहराचं म्हणणं असं की एकूण तास मोजले तर स्टेडियमचा बहुतांश वेळ शाळांना आणि जनतेलाच मिळेल. क्लबला वर्षाकाठी साधारण वीस सामन्यांचे दिवस आणि तेवढेच सरावाचे. हा हिशेब खोटा नाही. पण सगळे तास सारख्या किमतीचे नसतात. फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळचे दोन तास आणि ऑक्टोबरमधल्या शनिवारी दुपारचे दोन तास कोष्टकात एकाच रकान्यात बसतात, शाळकरी खेळाडूच्या आयुष्यात बसत नाहीत.

मग कृत्रिम गवत का नको? त्याने हा प्रश्न बराच सुटतो. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात १९२६ साली उघडलेलं ब्रीझ स्टीव्हन्स फील्ड आहे. शहराच्या मालकीचं, दगडी भिंतींनी वेढलेलं, भर वस्तीत. २०१९ मध्ये तिथे तिसऱ्या श्रेणीतला फॉरवर्ड मॅडिसन हा नवा क्लब खेळू लागला. तिथे कृत्रिम गवत आहे, त्यामुळे एकाच मैदानावर क्लब, शाळा, संगीताचे कार्यक्रम असं पुष्कळ काही मावतं. पण वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना कृत्रिम गवत नको असतं. चेंडू वेगळा उसळतो, घसरल्यावर कातडी सोलवटते, सांध्यांवर ताण येतो अशी त्यांची तक्रार असते. महिलांच्या खेळात तर हा मानाचाही प्रश्न आहे. २०१५ चा महिला विश्वचषक कॅनडात पूर्णपणे कृत्रिम गवतावर खेळवला गेला. पुरुषांच्या विश्वचषकाबाबत असं कधी झालेलं नव्हतं. अ‍ॅबी वॉमबाखसह अनेक नामवंत खेळाडूंनी आधीच्या वर्षी याविरुद्ध कायदेशीर तक्रार केली आणि पुढे ती मागे घेतली, पण ती सल राहिली. म्हणून ‘महिला संघ आहे, घालू द्या प्लॅस्टिक’ असं म्हणणं मला पटत नाही. दोन्ही बाजू न्याय्य मागणी करतायत, आणि मैदान एकच आहे.

करारात काय असतं

जुन्या स्टेडियमचे करार ढोबळमानाने दोन तऱ्हांचे असतात. भाडेपट्टा दिला की ठरलेल्या मुदतीत त्या जागेचा ताबा भाडेकरूकडे जातो. वापराचा परवाना दिला तर ताबा मालकाकडेच राहतो आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपुरता वापर मिळतो. नागरिकांच्या दृष्टीने दुसरा प्रकार कितीतरी सुरक्षित. बॉस्टनने दोन्हींचं मिश्रण केलं. पूर्वेकडची बाजू शहराने बांधायची, पश्चिमेकडची क्लबने. पश्चिम बाजूसाठी दहा वर्षांचा भाडेपट्टा, आणि मैदानासाठी वापराचा वेगळा करार. डिसेंबर २०२४ मध्ये यावर सह्या झाल्या.

पैशांच्या बाबतीत तीन प्रवाह वेगळे ठेवून बघावेत. पहिला बांधकामाचा. आधी शहराने आपला वाटा पाच कोटी डॉलर सांगितला होता. करार होईपर्यंत एकूण खर्च सुमारे वीस कोटींवर गेला आणि शहराचा वाटा ९.१ कोटींवर. जुन्या बांधकामात असं होतंच, कारण पाडायला सुरुवात केल्याशिवाय आत काय आहे कळत नाही. म्हणून खर्च वाढला तर तो कोणाच्या खिशातून, हे कलम आकड्यापेक्षा महत्त्वाचं. ‘निम्मा-निम्मा’ हे ऐकायला गोड लागतं, पण कशाचा निम्मा, हे ठरलेलं नसेल तर तो कोरा चेक असतो.

दुसरा प्रवाह वर्षाच्या भाड्याचा. बॉस्टनमध्ये ते चार लाख डॉलरपासून सुरू होऊन दरवर्षी वाढणार आहे, शिवाय जाहिराती आणि खाद्यपेयांच्या उत्पन्नातला हिस्सा, आणि परिसरासाठी वर्षाला पाच लाखांचा निधी. तिसरा प्रवाह देखभालीचा, ज्याकडे कोणीच बघत नाही. गवत, ड्रेनेज, दिवे, लिफ्ट, छताची गळती: हे खर्च वर्षानुवर्षं चालतात. व्हाइट स्टेडियमची दुर्दशा बांधकामाला पैसे नव्हते म्हणून झालेली नाही, देखभालीला नव्हते म्हणून झाली. क्लबने रोजची देखभाल अंगावर घेणं हा अशा सौद्यातला सगळ्यात मोठा फायदा आहे असं मला वाटतं, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

‘स्टेडियममुळे भागाची भरभराट होईल’ हा युक्तिवाद मात्र बाजूला ठेवावा. व्यावसायिक स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा स्थानिक अर्थव्यवस्थेत सहसा भरून निघत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. माणसं सामन्यावर खर्च करतात तो बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी करमणुकीवर करणार असतात. शाळांना चांगलं मैदान मिळतंय का, हा प्रश्न विचारावा. तो पुरेसा मोठा आहे. आणि तो विचारला की लगेच दुसरा येतो: क्लब नसता तर शहराने हाच पैसा शाळांच्या मैदानावर घातला असता का? विरोधकांनी फक्त शाळांपुरत्या दुरुस्तीचा बराच स्वस्त पर्याय मांडला होता. शहराने तो अपुरा ठरवला.

वाहतुकीचंही करारात असतं. व्हाइट स्टेडियम उद्यानात आहे, आसपास राहती वस्ती. आराखड्यात प्रेक्षकांसाठी तिथे पार्किंग नाहीच. मेट्रो, लांबच्या वाहनतळांवरून शटल बस, आणि सामन्याच्या दिवशी गल्ल्यांमध्ये फक्त रहिवाशांना गाडी लावायची मुभा. कागदावर योजना चांगली आहे, ती पाळली गेली नाही तर दंड कोणाला, हे स्थानिकांनी विचारलं आणि विचारत राहावं.

मृत्युपत्र आणि घटनेचं कलम

जॉर्ज रॉबर्ट व्हाइट हे बॉस्टनचे श्रीमंत गृहस्थ. क्युटिक्युरा साबण बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख. १९२२ मध्ये ते वारले आणि त्यांनी सुमारे पन्नास लाख डॉलर शहराला ठेवले. अट अशी की त्यातून बॉस्टनच्या रहिवाशांसाठी सार्वजनिक उपयोगाच्या आणि सौंदर्याच्या वास्तू उभ्या कराव्यात. त्यांच्या नावाचं स्मारक शहराच्या पब्लिक गार्डनमध्ये आहे. वॉशिंग्टनमधला लिंकनचा बसलेला पुतळा घडवणाऱ्या डॅनियल चेस्टर फ्रेंचने ते केलं. व्हाइट स्टेडियम या निधीतून आलं.

सार्वजनिक न्यासाची मालमत्ता दात्याच्या हेतूबाहेर वापरता येत नाही, हा जुना कायदा. त्याला जोडून दुसरं कवच: मॅसॅच्युसेट्सच्या घटनेतली ९७ वी दुरुस्ती, १९७२ ची. उद्यान किंवा निसर्गरक्षणासाठी घेतलेल्या जमिनीचा वापर बदलायचा असेल तर राज्याच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एमराल्ड नेकलेस कॉन्झर्व्हन्सी ही उद्यानरक्षक संस्था आणि काही रहिवासी या मुद्द्यांवर कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, स्टेडियम उद्यानाच्या जमिनीवर आहे आणि खासगी क्लबला ते देणं म्हणजे वापर बदलणं. शहराचं म्हणणं, ही जागा कित्येक दशकं शाळांच्या ताब्यात आहे, ती उद्यान म्हणून राखीव नाही, आणि शाळांचा वापर कमी न होता सुधारतोय.

न्यायालयाने आधी तात्पुरती स्थगिती नाकारली. मार्च २०२५ मध्ये सुनावणी झाली आणि एप्रिलमध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला: या जागेला ९७ वी दुरुस्ती लागू असल्याचं सिद्ध झालेलं नाही. विरोधकांनी अपील केलं. त्याच वर्षीच्या महापौरपदाच्या निवडणुकीत स्टेडियमचा खर्च हा प्रचाराचा मोठा मुद्दा झाला. महापौर मिशेल वू पुन्हा निवडून आल्या.

कायद्याचा निकाल आणि न्यायाचा निकाल इथे वेगळे धरावेत. जमीन कोणत्या खात्याच्या नावावर होती यावर कोर्टाचं उत्तर ठरतं. तिथे व्हीलचेअरवरून जाता येतं का, धावणाऱ्या मुलीला संध्याकाळी दिवे मिळतात का, यावर ठरत नाही. शिवाय हे स्टेडियम फक्त खेळाचं नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, बॉस्टनमधले हजारो कृष्णवर्णीय नागरिक इथेच जमले होते आणि शहरापुढे आपल्या मागण्या ठेवल्या होत्या. भोवतालच्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर या वस्त्यांच्या मनात ही जागा ‘आपली’ आहे ती अशा दिवसांमुळेही. त्यांचा संशय नवा नाही, आणि त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे.

आधीच्या भाडेकरूचं काय

पोर्टलंडचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. तिथलं प्रॉव्हिडन्स पार्क १९२६ पासून उभं आहे, शहराच्या मालकीचं आहे, भर शहरात आहे. पेलेचा शेवटचा अधिकृत सामना, १९७७ ची अमेरिकी लीगची अंतिम लढत, इथेच झाली. २०११ मध्ये पोर्टलंड टिंबर्स हा फुटबॉल क्लब मेजर लीग सॉकर या पुरुषांच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये गेला, तेव्हा हे मैदान पूर्णपणे फुटबॉलसाठी बदललं गेलं. बेसबॉलचं हिऱ्याच्या आकाराचं मैदान आणि फुटबॉलचा आयत एकाच जागी सामावत नव्हते. पोर्टलंड बीव्हर्स या बेसबॉल संघासाठी शहरात दुसरीकडे स्टेडियम बांधायचा बेत झाला, तो कुठल्याच जागेवर जमला नाही, आणि २०१० चा हंगाम संपल्यावर संघ शहर सोडून गेला. दोन्ही संघांचा मालक एकच होता, तरीही.

आज प्रॉव्हिडन्स पार्क अमेरिकेतल्या सगळ्यात जिवंत फुटबॉल मैदानांपैकी एक आहे. महिलांचा पोर्टलंड थॉर्न्स संघही तिथेच खेळतो, आणि २०१९ मध्ये क्लबने स्वतःच्या पैशाने सुमारे चार हजार आसनं वाढवली. जुन्या स्टेडियमचं याहून चांगलं कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. पण क्रम लक्षात घ्या: आधी मैदान बदलायचं ठरलं, मग जुन्या भाडेकरूची सोय शोधली, आणि ती सापडली नाही. बॉस्टनच्या शाळासंघांकडे दुसऱ्या शहरात जायचा पर्याय नाही. त्यांची पर्यायी मैदानं, तिथले दिवे, तिथवर जायची बस हे सगळं पहिला सामना व्हायच्या आधी जागेवर असायला हवं, आणि करारात तारखेनिशी असायला हवं.

क्लब बुडाला तर

हा प्रश्न विचारणं अपशकुन नाही. बॉस्टनमध्ये याआधी ब्रेकर्स हा महिला क्लब होता. जानेवारी २०१८ मध्ये, नवा हंगाम तोंडावर असताना, तो बंद पडला. नव्या क्लबमागे जेनिफर एपस्टीन यांच्या नेतृत्वाखाली कितीतरी जास्त भांडवल आहे आणि लीगही आता भक्कम आहे. आधी जाहीर केलेलं नाव लोकांना रुचलं नाही तेव्हा ते बदलून मार्च २०२५ मध्ये ‘बॉस्टन लेगसी’ केलं, म्हणजे ऐकून घ्यायची तयारीही दिसते. तरी करार चांगल्या दिवसांसाठी लिहायचा नसतो.

म्हणून शेवटची काही कलमं. क्लब बंद पडला किंवा शहर सोडून गेला तर त्याने बांधलेली बाजू कोणाची? ती विनामोबदला शहराकडे आली पाहिजे. बांधकाम अर्धवट असताना पैसा आटला तर? त्यासाठी बँकेची हमी किंवा आधीच वेगळी ठेवलेली रक्कम लागते, नुसता शब्द पुरत नाही. क्लब विकला गेला तर शाळांना दिलेली आश्वासनं नव्या मालकावर बंधनकारक राहतील का? दहा वर्षांनी मुदत वाढवताना वेळापत्रक पुन्हा चर्चेला येईल की जुनंच आपोआप पुढे चालेल? आणि क्लब नसेल तेव्हा व्यावसायिक दर्जाची ती हिरवळ सांभाळायचा खर्च शाळा खात्याला झेपेल का? झेपणार नसेल, तर त्याची तरतूद क्लबच्या भाड्यातून आजपासूनच बाजूला पडायला हवी.

स्टेडियम वेळेत तयार न झाल्याने लेगसीचा २०२६ चा पहिला हंगाम शहराबाहेर, फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियममध्ये ठरला, आणि काही सामने शेजारच्या ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला. शाळांचे संघही बांधकाम चालू असेपर्यंत इतर मैदानांवर गेले. म्हणजे तूर्त दोन्ही भाडेकरू घराबाहेर आहेत. पहिल्या पूर्ण शरद ऋतूचं वेळापत्रक अजून लागायचं आहे, आणि ते लागण्यापूर्वी शाळांच्या प्रशिक्षकांना त्या बैठकीत बसवलं गेलं पाहिजे.